गोवळकोंड्याची निकिया, माळेगावची मुरळी

२०१८ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे लंडनला गेलो होतो. निवृत्ती जवळ आलेली, रजा भरपूर शिल्लक, आणि आपण रजेवर गेलो म्हणून बँक बुडत नाही हे उशिरा का होईना पटलेले. एका संध्याकाळी लेकीने मला कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये नेऊन बसवले. तिकीट केवढ्याचे ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. बाप मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करील आणि समोरचा खेळ पाहणार नाही, हे तिला ठाऊक होते.

खेळ होता ‘ला बायादेर’ नावाच्या बॅलेचा. बॅले म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या, पायाच्या अंगठ्यांवर चालणाऱ्या मुली, एवढेच माझे ज्ञान. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगमध्ये शेवटचा कार्यक्रम म्हणून ‘बॅले’ असायचा, त्यात कोळी यायचे, शेतकरी यायचे आणि सर्वांत शेवटी भारतमाता यायची. इथे पडदा वर गेला तर समोर देऊळ. देवळापुढे अग्नी पेटलेला, भोवती अर्धनग्न फकीर उड्या मारताहेत आणि कमरेला खंजीर लावलेला एक वीर वाघाच्या शिकारीला निघालेला. मग घुंगटातली एक देवदासी देवळातून बाहेर आली. मी सरसावून बसलो.

मध्यंतरात लेक फोनवर काहीबाही वाचत होती. म्हणाली, “बाबा, मूळ संहितेत हा राजा कुठला आहे माहितीये? गोवळकोंड्याचा!”

“म्हणजे आपला गोवळकोंडा?”

“आपलाच. दुसरा कुठं असतोय?”

गोवळकोंडा ‘आपला’ कसा, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. आमचे आजोबा जमिनीच्या तंट्यासाठी हैदराबादच्या हायकोर्टाच्या खेपा करीत आणि येताना बांगड्यांचे डबे आणीत. तो गोवळकोंडा इथे सातासमुद्रापलीकडे, व्हायोलिनच्या साथीवर, गोऱ्या मुलींच्या अंगावर चोळी-पायजमा होऊन उभा होता. मला हसूही आले आणि थोडा रागही. पण त्यानंतरच्या अंकात जे पाहिले त्याने हसू आणि राग दोन्ही विरघळले. ते पुढे सांगतो. आधी गोष्ट.

निकिया ही देवळातली नर्तकी. सोलोर हा वीर. दोघांचे एकमेकांवर प्रेम, आणि अग्नीसमोर त्याने तिला वचन दिलेले. देवळाच्या मुख्य पुजाऱ्याचीही निकियावर नजर आहे. तिने त्याला झिडकारले आहे. इकडे राजा आपली मुलगी गमझात्ती हिचे लग्न सोलोरशी ठरवतो, आणि सोलोर राजाला नाही म्हणू शकत नाही. पुजारी राजाच्या कानात विष ओततो, अशासाठी की राजाने सोलोरचा काटा काढावा. राजा ठरवतो उलटेच. जावई राहू द्या, नर्तकीलाच मारा. राजकन्या निकियाला बोलावून घेते, दागिने देऊ करते, ‘त्याला सोड’ म्हणते. निकिया सुरी उगारते आणि स्वतःच्याच कृत्याला भिऊन पळून जाते. साखरपुड्याच्या दिवशी तिला सगळ्यांसमोर नाचावे लागते. तिच्या हातात फुलांची टोपली येते. ती समजते, सोलोरने पाठवली. टोपलीत साप असतो. साप डसल्यावर पुजारी उतारा घेऊन पुढे येतो : माझी हो, वाचवतो. निकिया सोलोरकडे पाहते. तो राजकन्येचा हात धरून निघालेला असतो. ती उताऱ्याची कुपी हातातून टाकून देते.

सोलोर अफू ओढून पडतो आणि त्याला मेलेली निकिया दिसते, तिच्यासारख्याच असंख्य सावल्यांमध्ये. अखेरच्या अंकात त्याचे राजकन्येशी लग्न लागत असताना देव कोपतो आणि देऊळ सगळ्यांवर कोसळते.

हा बॅले रचला मारियुस पेतिपाने. जन्माने फ्रेंच, मार्सेचा. १८४७ मध्ये रशियात गेला आणि तिथलाच झाला. ‘ला बायादेर’चा पहिला प्रयोग १८७७ च्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यगृहात झाला. संगीत लुडविग मिंकुस या व्हिएन्नाच्या माणसाचे. या दोघांनी भारत कधी पाहिला नव्हता. पाहिला असता तर देवळापुढे वॉल्ट्झच्या तीन मात्रांवर पूजा चाललेली दाखवली नसती, असे मला आधी वाटले. मग आठवले की आपल्या हिंदी सिनेमातले स्वित्झर्लंडही असेच असते.

‘बायादेर’ हा शब्द मात्र आपल्या घरातून गेलेला आहे. पोर्तुगीज भाषेत नाचणारीला ‘बायलादेरा’ म्हणतात. पोर्तुगीजांनी गोव्यात देवळांच्या कलावंतिणी पाहिल्या आणि त्यांना ते नाव दिले. फ्रेंचांनी ते उचलून ‘बायादेर’ केले. त्याच लॅटिन धातूपासून इटालियन ‘बाल्लारे’ म्हणजे नाचणे, आणि त्यातून बॅले. म्हणजे बॅले आणि बायादेर या एकाच आजीच्या नाती. ज्या कलावंत समाजाला पोर्तुगीजांनी हे नाव चिकटवले त्याच समाजाने पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या.

१८३८ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या एका गावच्या खऱ्याखुऱ्या देवदासी पॅरिसला नेण्यात आल्या. त्यातल्या अमनी नावाच्या तरुण मुलीवर तेओफिल गोतिए हा कवी इतका भाळला की त्याने तिच्यावर पानेच्या पाने लिहिली, एका शिल्पकाराने तिची छोटी मूर्ती घडवली. याच गोतिएने १८५८ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी ‘शाकुंतल’वर बॅलेची संहिता लिहिली आणि तो बसवला मारियुस पेतिपाच्या थोरल्या भावाने, ल्युसियँ पेतिपाने. आता गंमत पाहा. ‘ला बायादेर’मधल्या गोवळकोंड्याच्या राजाचे नाव आहे ‘दुगमंता’. हे कुठले नाव? मला तर तो दुष्यंतच वाटतो. कण्वाच्या आश्रमातून पॅरिसला, पॅरिसहून सेंट पीटर्सबर्गला जाता जाता बिचाऱ्याचे नाव घासून घासून एवढेच उरले असणार.

गोवळकोंड्याला दुगमंता नावाचा राजा कधी नव्हता. तिथे कुतुबशाही होती, आणि १६८७ मध्ये औरंगजेबाने ती संपवली. नर्तकी मात्र होत्या, आणि नावानिशी होत्या. अब्दुल्ला कुतुबशहाच्या दरबारातल्या तारामती आणि प्रेमामती. हैदराबादला गेलात तर सालारजंग म्युझियम आणि बिर्याणी यांच्यामधून तासभर काढून कुतुबशाही मकबऱ्यांकडे जा. सुलतानांच्या त्या घुमटांच्या आवारात या दोघींच्याही कबरी आहेत. ज्या राज्यात नाचणाऱ्या बायकांना राजांच्या शेजारी पुरले, त्या राज्याच्या नावावर रशियन लोकांनी टोपलीतला साप मारला! शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याने कुचिपुडी गाव तिथल्या नृत्यनाट्य करणाऱ्या ब्राह्मण घराण्यांना इनाम दिले अशी परंपरा सांगते. म्हणजे रात्रभर चालणारी, सलग गोष्ट सांगणारी नाचाची नाटके गोवळकोंड्याच्या आश्रयाला खरोखरच होती. पेतिपाला हे कळायला मार्ग नव्हता.

आणि केवळ गोवळकोंडाच नव्हे. ज्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मी बसलो होतो तिथेच १९२३ मध्ये अ‍ॅना पावलोवाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचा बॅले केला होता, गौतमाच्या गृहत्यागावर. त्याच वर्षी तिने उदयशंकर नावाच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आपल्याबरोबर कृष्ण म्हणून उभे केले आणि भारताला एक नर्तक मिळवून दिला. ही पावलोवा रशियात असताना निकियाच्या भूमिकेसाठी नावाजलेली होती. नांदेडहून जाणाऱ्या गाडीचे नाव अजिंठा एक्स्प्रेस. तिचे एक टोक अजिंठ्याच्या बाजूला आणि दुसरे हैदराबादकडे. पावलोवाचे दोन बॅले आमच्या एका रेल्वेमार्गावर येतात, आणि आम्ही फलाटावर चहा पीत असतो. असो.

तर तो दुसरा अंक. रंगमंचावर अंधार. मागे एक उतरंड, डोंगराच्या पायवाटेसारखी. वरच्या टोकाला पांढऱ्या वेशातली एक मुलगी येते. एक पाय मागे उचलते, पुढे झुकते, मग मागे रेलून हात वर नेते, दोन पावले पुढे. एवढेच. मग दुसरी येते. पहिली तेच पुन्हा करते, दुसरी तिच्याबरोबर. मग तिसरी. चौथी. रशियात बत्तीस असतात, लंडनला मी चोवीस मोजल्या. मोजायची सवय, काय करणार! सगळ्या उतरून खाली रांगा धरीपर्यंत तीच हालचाल, तेच सूर. पहिल्या पाच मुली आल्या तेव्हा मला वाटले, हे आता किती वेळ? दहाव्या मुलीला मी मोजणे विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. एखादीचा पाय थरथरला तरी दोन हजार लोकांना दिसेल अशी ती जागा. त्या मुलींना चेहरा नव्हता, नाव नव्हते. एक मेली तर तशाच चोवीस डोंगरावरून उतरून आल्या.

माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी गोवळकोंडा नव्हता. माळेगाव होते.

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष सरता सरता भरते. घोडे, गाढवे, उंट, भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायती, तमाशाचे फड, आणि देवापुढे वाघ्या-मुरळी. लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेल्या त्या मुरळ्या माझ्या स्मरणात एकेकट्या नाहीत. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या बायकांची रांग, हातात घाटी, मागे दिमडी आणि तुणतुणे. नवसाने देवाला वाहिलेल्या मुली. देवाशी लग्न लागलेले, म्हणून माणसाशी लागायचे नाही.

त्यातल्या एकीला मी पुढे जवळून पाहिले. १९८९ साली मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. एक बाई बचत खाते उघडायला आल्या. पन्नाशीच्या, कपाळभर भंडारा. तेव्हाच्या फॉर्मवर ‘पतीचे/वडिलांचे नाव’ असा रकाना असे. मी नेहमीच्या सुरात विचारले, “मालकाचं नाव काय, मावशी?”

“खंडोबा.”

“पूर्ण नाव सांगा. वडील, आडनाव?”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रांगेतली दोन माणसे हसली. मी, तिशीच्या आतला, नव्या टायमधला अधिकारी, मीही हसलो. मग म्हणालो, “अहो, देवाचं नाव नाही चालत. बापाचं सांगा.”

“बापानंच दिलं की त्येला,” त्या म्हणाल्या. “आता त्येचं नाव कामून लावू?”

मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. हेडऑफिसची तपासणी आली तेव्हा त्या अपुऱ्या फॉर्मवर शेरा आला, आणि मी तो खुलाशात ‘खातेदार अशिक्षित असल्याने’ असे लिहून निकालात काढला. तीस वर्षांत लाखो फॉर्म हाताखालून गेले, आठवतो तो हा. दोन कादंबऱ्यांत मी हा प्रसंग लिहायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खोडला. पहिल्यात मी बाईंना फार बोलायला लावले होते आणि दुसऱ्यात स्वतःला फार चांगले केले होते.

लंडनहून परतल्यावर ही बॅलेची हकीकत मी नांदेडमध्ये ज्याला त्याला ऐकवीत सुटलो. निवृत्तीनंतर ऐकवण्याचे प्रमाण वाढले. त्यात एकदा गाठ पडली मुलींना कथक शिकवणाऱ्या एका बाईंशी. माझ्या नातीच्या गुरू, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, “सर, दरवर्षी स्नेहसंमेलनात तेच ते पाच-पाच मिनिटांचे तुकडे. मला एकदा पूर्ण दोन तासांचं नृत्यनाट्य बसवायचंय. तुम्ही संहिता द्या, बाकी मी बघते.”

पूर्ण लांबीचे नृत्यनाट्य महाराष्ट्राला नवे नाही. मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी खंडाळ्याला नृत्यालय काढून १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘मालविकाग्निमित्र’ कथकमध्ये उभे केले होते. त्याआधी १९३६ मध्ये त्यांचा संच बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळच्या नृत्यस्पर्धेत गाजून आला होता. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखे हलवून रामायण सांगितले. पण ‘मालविकाग्निमित्र’ शेवटी गोड होते, रामायणात राम परत येतो. नायिका मरते आणि मेलेलीच राहते असे दोन तासांचे नृत्य आपल्याकडे थोडे. नाट्यशास्त्राच्या परंपरेत मरण रंगमंचावर दाखवायचेच नाही. भासाने ‘ऊरुभंगा’त दाखवले तर त्याचे आजही अप्रूप.

पीपल्स कॉलेजात आम्ही होतो तेव्हा नरहर कुरुंदकर प्राचार्य होते. नाट्यशास्त्रावर ते बोलायला लागले की तास कधी संपला हे कळत नसे. मला अर्धे कळे. उरलेले अर्धे कळावे इतके वय झाले तेव्हा विचारायला गुरुजी नव्हते; १९८२ मध्येच ते गेले. ताईंच्या तालमींच्या काळात मी पुन्हा पुन्हा मनात त्यांच्याशी वाद घालत होतो, आणि अर्थातच हरत होतो.

पहिला प्रश्न स्थळाचा. गोवळकोंडा ठेवायचा की नाही? मी म्हटले, रशियन लोकांनी एकदा घोटाळा केला तो पुरे. स्थळ माळेगावची जत्रा. निकियाची झाली मुरळी, नाव गुणा. राजकन्या झाली देशमुखांची लेक. सोलोर झाला देशमुखांच्या घोड्यांचा सरदार, कारण माळेगावात घोडे हवेतच. खरी अडचण पुजाऱ्याची. जात न सांगता पुजारी दाखवणे मराठवाड्यात किती अवघड आहे हे तालमीला बसलेल्या पालकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले. एका पालकांना तो अमुक वाटला, दुसऱ्यांना तमुक. शेवटी त्याला ‘मानकरी’ केले, डोक्याला नुसते उपरणे दिले आणि गळ्यात काही घातले नाही.

दुसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. गुणाची भूमिका जिला द्यायची ती बारावीतली मुलगी उत्तम नाचणारी. तिची आई ताईंना भेटायला आली. “राधा करू द्या, मीरा करू द्या. मुरळी नको. उद्या सोयरीक बघताना फोटो कुणी दाखवला तर?” ताईंनी समजावले. मी समजावायला गेलो तर त्या माउलीने मला एका वाक्यात गप्प केले : “सर, तुमच्या नातीला द्या की मग.” नातीचे पदन्यास अजून कच्चे होते हे खरे, पण ते कच्चे आहेत याचा मला त्या क्षणी आनंद झाला, हेही खरे. ती भूमिका अखेर त्याच मुलीने केली. आईला कुणी पटवले? तिच्या आजीने. आजीचे म्हणणे असे की तिच्या माहेरच्या गल्लीत अशी एक होती आणि तिच्याइतके देखणे नाचताना दुसरे कुणी पाहिले नाही.

मूळ बॅलेवरही आता जगात असेच वाद चालू आहेत, हे मला वाचताना कळत गेले. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मिस्टी कोपलंड या कृष्णवर्णीय नर्तकीने मॉस्कोच्या तालमीतला, तोंडाला काळा रंग फासलेल्या मुलींचा फोटो जगापुढे ठेवला. लंडनच्या शोभना जयसिंग यांनी २०१५ मध्येच ‘बायादेर’ला उलट बाजूने पाहिले, अमनीच्या आणि गोतिएच्या बाजूने. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात याच संगीतावर १९३० च्या हॉलीवूडची गोष्ट बसवण्यात आली. देऊळ नको, देवदासी नको, म्हणजे वाद नको. मला हे काही पटले नाही. निकियाची मुरळी करता येते. तिची नटी केली की पेच सुटतो, पण मग त्या उताऱ्याच्या कुपीचे काय? नटीला कुणी नवसाने वाहिलेले नसते. ज्या बाईच्या फॉर्मवर नवऱ्याच्या जागी देव आहे, तिला कुणी अग्नीसमोर वचन दिले तर ते केवढे असेल! गोष्ट तिथे आहे.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला. आपण तेव्हा निजामाकडे. महाराष्ट्राने २००५ मध्ये नवा कायदा केला. माळेगावला जत्रा अजून भरते, लावणी महोत्सव होतो, आणि मुरळीचा नाच आता पुष्कळदा जागरणाच्या पार्टीत पगारी कलावंत करतात.

तिसरा प्रश्न शेवटाचा, आणि त्याच्यावर तालीम आठ दिवस बंद पडली. माझ्या संहितेत मूळच्यासारखाच शेवट होता : लग्नाच्या मांडवात देऊळ कोसळते. मंडपवाल्याने थर्माकोलचे दगड करायचे कबूलही केले होते. प्रयोग दोन ठरले होते, पहिला नांदेडला, दुसरा लातूरला. लातूरच्या प्रयोगासाठी मदत करणारे एक निवृत्त शिक्षक तालीम पाहायला आले. औसा तालुक्यातले. शेवटचा प्रवेश झाल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, पडझड दाखवू नका. आमच्याकडं नका दाखवू.”

मी काय ते समजलो आणि स्वतःचीच लाज वाटली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. किल्लारी. त्या दिवसांत मी दावे आणि वारसांची कागदपत्रे पाहत तंबूतल्या बँकेत बसलो होतो. आणि तोच मी दगड डोक्यावर पडताना दाखवणार होतो, आणि तेही देवाचा न्याय म्हणून! दगडमातीच्या घरांत झोपलेल्यांचा कसला न्याय झाला होता? लग्नाला आलेल्या वऱ्हाडाने तरी काय केले होते?

पण मग शेवट कुठे करायचा? इथे रशियाच मदतीला आला. क्रांतीनंतर सोव्हिएत रंगभूमीने हा कोसळण्याचा अंक गाळला. कुणी म्हणतात यंत्रे चालवणारी माणसे उरली नव्हती, कुणी काही. १९४१ च्या लेनिनग्राडच्या आवृत्तीत बॅले सावल्यांच्या प्रवेशावरच संपतो, आणि पुढे कित्येक वर्षे जगाने तोच पाहिला. नताल्या माकारोवाने १९८० मध्ये न्यूयॉर्कला कोसळणारे देऊळ परत आणले. मी लंडनला पाहिला तो तिचाच. पॅरिसमध्ये १९९२ मध्ये रुडॉल्फ नुरेयेव्हने, अगदी मरणाच्या दारात असताना, हा बॅले बसवला तेव्हा त्याने सावल्यांवरच थांबणे पसंत केले. तीन महिन्यांत तो गेला. आम्ही नुरेयेव्हच्या बाजूने गेलो. मंडपवाल्याला थर्माकोलची आगाऊ रक्कम सोडावी लागली.

सावल्या कशा करायच्या हे ताईंचे काम आणि त्यांनी ते असे केले की मी पाहतच राहिलो. अंगठ्यावर चालणाऱ्या मुली आमच्याकडे नाहीत. सोळा मुली, पांढऱ्या साड्या, डोक्यावरून पदर. मंडपवाल्याकडून लाकडी फळ्यांची तिरकी उतरंड बांधून घेतली, सहा फूट उंच. आणि ताई मुलींना म्हणाल्या, “घुंगरू काढा.” दीड तास ज्या मुली शे-दीडशे घुंगरांनी थिएटर दणाणून सोडतात त्या अनवाणी, एकामागून एक उतरतात. वरून भंडारा टाकायचा एकीचा आग्रह होता. ताईंनी नाही म्हटले. साथीला फक्त तुणतुण्याची एक तार. फळीवर तळव्यांचा आवाज येतो, तेवढाच. सोळाव्या मुलीच्या वेळी माझी नात होती. तिचा पाय हलला. मला दिसला, इतर कुणाला दिसला नसावा.

नांदेडचा प्रयोग चांगला झाला. पालकांनी फोनवर इतके चित्रण केले की खेळापेक्षा त्या पडद्यांचाच उजेड जास्त. लातूरला गर्दी कमी होती, पण बायका खूप होत्या. बचत गटांच्या आल्या होत्या, पुढच्या रांगांत जमिनीवरच बसल्या.

तिथे टोपलीचा प्रवेश आला. बुरुडाकडून करून घेतलेली टोपली, झेंडूची फुले, त्यात कापडाचा साप. गुणा नाचली, टोपली छातीशी धरली, आणि कोसळली. मानकरी उताऱ्याची कुपी घेऊन पुढे आला. तिने कुपी हातात घेतली, सरदाराकडे पाहिले. सरदार देशमुखांच्या लेकीबरोबर पाठ फिरवून चालू लागला. चार मात्रांनंतर तिने कुपी टाकायची, असे ठरलेले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई मोठ्याने ओरडली, “घे की गं माय! पी ते! त्येच्यासाठी कशाला मरायलीस?”

हशा होईल म्हणून मी विंगेत डोळे मिटले. हशा झाला नाही. दुसरी कुणी म्हणाली, “पी गं पी.” मग आणखी दोघी-तिघी. रंगमंचावरची मुलगी थबकली. चार मात्रा होऊन गेल्या. तबल्यावरच्या पोराने ताईंकडे पाहिले. ताईंनी बोट गोल फिरवून खूण केली, चालू ठेव. तो तोच ठेका पुन्हा वाजवू लागला. मुलीने कुपी तोंडाजवळ नेली. तालमीत हे नव्हते. सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. ती त्या बायकांकडे बघत होती, आणि किती आवर्तने गेली ते मला सांगता येणार नाही. या वेळी मी मोजत नव्हतो.

मग तिने ती कुपी टाकली नाही. वाकून हळूच खाली ठेवली, फुटू नये अशी.